मानकऱ्याच्या पुढे गेलेला बूट

मी डाव्या पायाचा कॅनव्हासचा बूट बोलतोय. नाक धरायचं असेल तर खुशाल धरा, मला वाईट वाटणार नाही. जुन्या बुटाजवळ कोणी फार वेळ थांबत नाही हे मला ठाऊक आहे. पण खरं सांगू? तुम्हाला माझी जेवढी किळस येते ना, त्याच्या दसपट किळस मला तुमची येते. उभा जन्म मी माणसांच्या पायाखाली काढला आणि तिथून माणसं काही फार स्वच्छ दिसत नाहीत.

एका कारखान्यात, रबराच्या आणि खळीच्या वासात मी जन्मलो. जन्मल्या जन्मल्या मला नाडीने उजव्या भावाशी बांधून खोक्यात कोंबलं. हा उजवा स्वभावाने थंड, कशाचंच काही वाटून न घेणारा. आम्ही जन्मभर बरोबर चाललो, पण आमचं कधी पटलं नाही. पुढे आम्ही रत्नागिरीच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर आलो. दुकानदार पानाची पिंक टाकायचा, बोटांनी ओठ पुसायचा आणि त्याच बोटांनी आमच्यावरची धूळ झटकायचा. मासळीबाजारातून आलेलं गिऱ्हाईक चिखलाचा पाय माझ्यात घालून बघे आणि ‘चावतो’ म्हणत मला काढून फेके. त्यातल्या दोघातिघांना खरंच चावावं असं मला वाटलं होतं.

मग एके दिवशी राजाराम आला. हा रत्नागिरीतल्या एका कचेरीत कारकून. मालगुंडच्या आतल्या अंगाला कातळकोंड म्हणून गाव आहे, तिथल्या बौद्धवाडीत त्याचं घर. रोज एसटीने जायचा-यायचा. तो पाय धुऊन आला होता, हे मी लगेच हेरलं.

“पोरासाठी काय?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, मलाच. धावायला.”

“पोलिसात भरती व्हायचंय?”

“नाही हो. असंच. सकाळचं धावायला बरं वाटतं.”

दुकानदाराने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने समुद्र बांधून द्यायला सांगितला होता. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, आम्हाला कागदात गुंडाळून दिलं.

गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या पांढऱ्या अंगाचं वाटोळं झालं. तांबडी माती! एकदा लागली की साबण लावा, खडू घासा, ती काही जात नाही. वर वाटेत गुरांचं शेण, काजूची कुजलेली बोंडं, आणि कडेला माणसांनी करून ठेवलेली घाण, जिच्याबद्दल मी जेवायच्या वेळी बोलत नाही. राजारामच्या पायाला घाम यायचा तो वेगळाच. संध्याकाळी त्याची बायको कमला मला दोन बोटांच्या चिमटीत धरून पडवीच्या कोपऱ्यात ठेवायची. तिचं तोंड वाकडं व्हायचं आणि मला ते पटायचं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर माझ्या तोंडात किडे पडतील. सकाळी उजाडताना राजाराम वाडीच्या मागची घाटी चढून कातळावर यायचा आणि धावायला लागायचा, तेव्हा मला माझ्या जन्माची लाज वाटत नसे. वर सगळा सपाट काळा कातळ. पावसाळा सरता सरता त्यावर बारीक निळी-जांभळी फुलं यायची. आधी राजारामचा श्वास जड चालायचा, मग हळूहळू लयीत यायचा, आणि मग पाऊल उचललंय की टेकलंय हे मलाही कळायचं नाही. कचेरीतला साहेब, एसटीतली रेटारेटी, सगळं त्याच्या पायातून उतरून जायचं. तो चक्क शीळ घालायचा. धावून कुठे जायचं नसायचं, काही मिळवायचं नसायचं, तरी तो हसत घरी यायचा. माणसाचं काहीतरी मला आवडलं असेल तर ते एवढंच.

पण गावाला ते बघवतंय होय! आमच्या गावात माणूस धावला म्हणजे एक तर साप निघाला किंवा कोणीतरी गेला. हौसा नावाची म्हातारी पहिल्या दिवशी अंगणातूनच ओरडली, “कोन गेला रं?” आणि उत्तर यायच्या आत तिने गळा काढला. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, “मागं कुत्रा लागला काय?” हळूहळू लोक सरावले, पण ‘कारकुनाला सुख टोचतंय’ हे बोलणं काही थांबलं नाही.

आता राजारामच्या आईबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिची आहे. तिचं नाव राही. वाळकी, काटक बाई. बौद्धवाडीला पाण्यासाठी एक झरा होता, तो शिमग्यालाच आटायचा. गावठाणात जुनी विहीर होती. तिथे आता कोणी कोणाला अडवत नाही, असं गावात सगळे छाती ठोकून सांगायचे. पण बौद्धवाडीतली बाई तिथे गेली की बाकीच्या बायका आपापल्या कळश्या उचलून लांब सरकवायच्या. राही त्या विहिरीवर जायचीच नाही. दोन टेकड्या पलीकडून पाणी आणायची.

एकदा पडवीत मला उन्हात ठेवताना ती कमलाला म्हणाली, “मी नवी नवरी हुते तवा त्या विहिरीच्या खालच्या अंगाला कळशी ठेवून उभी ऱ्हायचे. कुनाला दया आली तर वरनं पानी घालायची. सकाळची उभी ऱ्हायलेली दुपारी घरी यायचे. मराच्या आधी एकदा माज्या हातानं विहिरीत दोर सोडीन, तोपन पयला, एवढंच मन हाय माजं.”

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात नव्या विहिरीची दौड ठरली.

सत्याऐंशी सालचा मे महिना. मुंबईला कामाला असलेली सगळी मंडळी गावी आली होती. गावाच्या मुंबई मंडळाचा चिटणीस हरिश्चंद्र, सफारी घालणारा, गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारा. गावठाण आणि बौद्धवाडी यांच्या मधोमध सगळ्यांसाठी विहीर खणायला घेतली होती, पण कातळ लागल्यावर काम अडलं होतं. हरिश्चंद्र म्हणाला, मुंबईत लोक दवाखान्यासाठी धावतात, अनाथाश्रमासाठी धावतात, आपण विहिरीसाठी धावू. जितके गडी शेवटपर्यंत धावतील, तितक्यांच्या नावाने मुंबईकर देणगी देतील. देवळाबाहेरच्या मांडवात सभा भरली, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या भरात हरिश्चंद्र आणखी एक बोलून गेला.

“आणि जो पहिला येईल, त्याच्या घरची पहिली कळशी नव्या विहिरीत!”

टाळ्या पडल्या. राजाराम खांबाला टेकून उभा होता. त्याच्या पायाची बोटं आक्रसली ती मला आतून कळली. घरी जाऊन त्याने आईला सांगितलं. राही चुलीतली राख घेऊन तांब्याची कळशी घासायला बसली.

दौडीच्या सकाळी शाळेपुढे ही गर्दी! कोणी लुंगी वर खोचलेली, कोणी अनवाणी. भेगाळलेल्या टाचा, वाढलेली नखं, कुठे गळू, कुठे जळवात. माझ्या उंचीवर येऊन बघा म्हणजे कळेल. देवळाच्या गुरवाने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा, ही दौड सुखरूप पार पाड,” आणि सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” हरिश्चंद्राने शिट्टी वाजवली.

आणि कोणी हललंच नाही.

सगळे थांबले होते महिपततात्यांसाठी. तात्या म्हणजे गावचे मानकरी. पालखी उचलायची तर आधी त्यांचा हात लागणार, होळी पेटवायची तर आधी त्यांची काडी. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, पायात करकरणाऱ्या नव्या वहाणा. ते सावकाश पुढे आले, मिशीवरून हात फिरवला आणि चालू लागले. हो, चालू लागले. मागून सगळा गाव चालू लागला. तात्यांना दम होता तोवर चार पावलं दुडकी, मग पुन्हा चाल. मागची तरणीताठी पोरं जागच्या जागी पाय उडवत होती, पण तात्यांच्या पुढे कोणी होईना. पालखीच्या पुढे मानकरी, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांनी दौडीचीही पालखी करून टाकली. हरिश्चंद्राचं ते बोलणंही मला तेव्हा उमगलं. पहिला कोण येणार हे त्याच्या डोक्यात आधीपासून पक्कं होतं, म्हणून तर तो एवढा उदार झाला होता!

मला सगळ्यात जास्त चीड कोणाची आली असेल? राजारामची. रोज कातळावर वाऱ्यासारखा धावणारा हा माणूस त्या कळपात मान खाली घालून पाय ओढत होता. माझ्या पुढ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी टाचा होत्या आणि त्यांची धूळ माझ्या तोंडात जात होती. शी!

फाट्यावर पोचल्यावर तात्यांना दम लागला. ते आंब्याच्या मुळावर बसले. आख्खी दौड थांबली. तात्यांनी चंची सोडली, पान काढलं, देठ खुडला, चुना लावला. मागे सगळे उन्हात उभे. तात्यांनी पान चघळलं आणि मोठ्या समाधानाने पिंक टाकली, ती थेट माझ्या नाकासमोर येऊन पडली.

फाट्यावर बायका धावणाऱ्यांना पाणी द्यायला थांबल्या होत्या. त्यांच्यापासून थोडी बाजूला राही उभी होती. ती लेकाकडे बघत राहिली, मग जवळ आली. आवाज चढवला नाही तिने.

“बाबा, तूपन उभाच ऱ्हायलास?”

एवढंच बोलली.  राजारामने वाकून माझी नाडी घट्ट बांधली, उजव्याची बांधली, आणि तात्यांच्या समोरून निघाला.

“ए! कोन रं तो? माज्या फुडं जातो?” तात्या पानाच्या तोंडाने ओरडले.

राजारामने मागे पाहिलं नाही. पहिली काही पावलं अडखळत पडली, मग कातळ आला आणि त्याचं धावणं जमलं. खाली दूर समुद्राची रेघ दिसत होती. वाटेवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सांगू का, त्या वेळी मला कशाचीच घाण वाटली नाही. नव्या विहिरीच्या खड्ड्यापाशी हरिश्चंद्र आधीच येऊन शिट्टी तोंडात धरून उभा होता. राजाराम त्याच्या पुढ्यातून रेषा ओलांडून गेला. शिट्टी तोंडात तशीच राहिली, वाजलीच नाही. खूप वेळाने करकर वहाणा आल्या, मागे गाव आला, आणि तेव्हा हरिश्चंद्राने गाल फुगवून शिट्टी वाजवली.

शाळेच्या पडवीत बैठक बसली. आम्ही पायरीवर होतो, सगळं ऐकू येत होतं. मानकऱ्याच्या पुढे गेला तो दौडीत धरता येत नाही, असा निवाडा झाला. म्हणजे राजाराम बाद. मग कोणीतरी विचारलं, त्याच्या नावाची देणगी तरी धरायची ना? ती धरायची, असं एकमताने ठरलं. माणूस बाद आणि त्याची देणगी चालू! घामाचा वास पुष्कळ घेतलाय मी, पण त्या पडवीतून आला तसला वास पुन्हा कधी आला नाही.

“राजारामा, वाईट वाटून घेऊ नको हां,” हरिश्चंद्र म्हणाला. “मान तो मान. पहिली कळशी तात्यांच्या घरची.”

“बरं,” राजाराम म्हणाला.

बरं! त्या ‘बरं’ची मला वर्षभर शिसारी येत होती. तो सकाळी धावायचा, पण शीळ गेली ती गेलीच.  राहीने ती घासलेली कळशी फळीवर उपडी करून ठेवली, वापरायला काढली नाही.

देणग्या आल्या, कातळ फुटला, पाणी लागलं. पुढच्या मे महिन्यात मुंबईकर आले तेव्हा विहीर बांधून तयार होती. रहाटाला झेंडूच्या माळा, मांडव, कर्णा. पूजा असल्याने सगळ्यांनी पायताणं लांब काढली. आम्हाला त्या ढिगात पडावं लागलं. एका बाजूला मासळीचं पाणी प्यालेली रबरी चप्पल, दुसऱ्या बाजूला तात्यांच्या वहाणा, त्यांना अजून कातड्याची घाण येत होती. पण तिथून विहीर नीट दिसत होती.

हरिश्चंद्राने खालुबाजावाल्यांना बजावून ठेवलं होतं. ढोलवाला लवू. त्याला सांगितलं होतं, “मुहूर्ताला दोर खाली गेला की वाजव. आधी नाय, मागनं नाय.” लवू ढोलावर टिपरू टेकवून दोरावर नजर लावून बसला. गुरवाला सांगितलं होतं, बाजा वाजला की गाऱ्हाणं. तोही डोळे मिटून तयार. तात्यांची सून तुळसा चांदीची कळशी घेऊन उभी. फक्त मुंबईच्या पाहुण्यांचं भाषण संपत नव्हतं. त्यांनी दानाचं महत्त्व सांगितलं, एकीचं सांगितलं, मग आपल्या लहानपणाचं सुरू केलं.

तेवढ्यात मांडवाच्या मागून राही आली. काखेला तांब्याची कळशी. वाट काढत ती सरळ विहिरीपाशी गेली. तिला कोणी अडवलं नाही, कारण असं काही होईल हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. तिने फास कळशीच्या गळ्यात अडकवला तेव्हा हरिश्चंद्र भानावर आला.

“ओ आजी! थांबा, थांबा! तात्यांची कळशी आधी!”

“माजा पोर पयला आला व्हता,” राही म्हणाली. “सगळ्या गावानं बघितलंय.”

दोघेतिघे पुढे सरसावले. आणि मग राजाराम, तो ‘बरं’ म्हणणारा राजाराम, गर्दीतून अनवाणी धावत गेला आणि त्यांच्या आणि आईच्या मध्ये उभा राहिला. हात पसरले नाहीत, शिवी दिली नाही, नुसता उभा राहिला.

“आये, सोड दोर,” तो म्हणाला.

रहाट करकरला. दोर खाली गेला. लवूची नजर दोरावरच होती, त्याने ढोलावर टिपरू हाणलं. सनई उठली. नारळ फुटला. बाजा ऐकून गुरवाने डोळे न उघडताच गाऱ्हाणं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, जिच्या हातानं ही विहीर उघडली, तिच्या घराला सुखी ठेव, तिच्या पोराबाळांना राख...”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळा गाव ओरडला.

ओरडल्यावर त्यांना कळलं.  पण देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं परत घ्यायची रीत आमच्या गावात नाही. राहीने भरलेली कळशी वर ओढली.  ती रडत होती की पाणी उडालं होतं, ते मला ढिगातून दिसलं नाही. तिने तांब्या बुडवला आणि तात्यांपुढे धरला.

“तात्या, पानी घ्या. उन्हात उभे हायसा.”

तात्यांनी तोंड फिरवलं. “या विहिरीचं पानी माज्या घरात येनार नाय!” असं गरजले आणि पाय आपटत ढिगाकडे आले. नजर अजून विहिरीकडेच, त्यामुळे पायाने वहाण चाचपता चाचपता त्यांनी पाय घातला तो माझ्यात. अंगठा आत आला, घाम आला, वासही आला. आणि तो वास, काय सांगू, राजारामच्या पायाच्या वासाहून तसूभर वेगळा नव्हता. चूक कळल्यावर त्यांनी मला असा झटकला की मी शेणात जाऊन पडलो.

आता मी पुरता फाटलोय. तळ सुटलाय, नाडी गेली. राहीने विहिरीच्या पाण्यावर भेंडी लावली आहे, दृष्ट लागू नये म्हणून मला तिथे वाटेकडेला काठीवर टांगलंय. राजारामला नवे बूट आले, तो सकाळी माझ्या समोरून शीळ घालत जातो. दौड दर मे महिन्यात होते, कधी दवाखान्यासाठी, कधी शाळेच्या कौलांसाठी. तात्या मांडवात खुर्चीवर बसतात, पोरं मोकळी सुटतात. आणि आता ज्याला विचारावं तो म्हणतो, त्या दिवशी मीपण तात्यांच्या पुढे जाणारच होतो. खोटारडे मेले!

तात्या आपल्या शब्दाला जागले आहेत. म्हणजे तसं त्यांना वाटतं. जुनी विहीर उन्हाळ्यात आटते, तिच्या तळाशी नुसता गाळ आणि बेडूक. म्हणून रोज पहाटे तुळसा पदराखाली कळशी झाकून माझ्या समोरून जाते, नव्या विहिरीचं पाणी भरते आणि सासऱ्याच्या माठात नेऊन ओतते. राही तिला कधीमधी दिसते.  राही तिच्यासाठी दोर धरते, एवढंच.

आणि तात्या? संध्याकाळी काठी टेकत या वाटेने येतात, भेटेल त्याला थांबवतात आणि सांगतात, “काय वाटेल ते म्हना, पन आमच्या जुन्या विहिरीच्या पान्याची गोडी त्या पान्याला नाय!”

ऐकून मला मळमळतं. पण मी टांगलेला, माझं कोण ऐकणार? तेव्हा माझं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी कधी कातळकोंडात आलं तर तात्यांच्या पडवीत जरा टेका, त्यांच्या माठातलं पाणी मागून प्या, गोड आहे म्हणा, आणि मग ते कोणत्या विहिरीचं आहे तेवढं त्यांना सांगा.